प्रति: पहिलं सेक्स टॉय कोणतं घ्यावं?

वर एकीने विचारलंय, पहिलंच आहे तर दोन-तीनशेवालं जेलीचं टॉय चालेल का? त्यावर 'ट्राय करायलाच तर आहे, चालेल की' असं उत्तर आलंय. मला नाही पटलं. ती मऊ, चिकट, पाकीट उघडताच रेनकोटसारखा वास मारणारी जेली म्हणजे बहुतेकदा पीव्हीसी प्लास्टिक, आणि ती सच्छिद्र असते. साबणाने कितीही घासा, जंतू आत राहू शकतात. शिवाय पीव्हीसी मऊ करायला बऱ्याचदा थॅलेट्स नावाची, शरीराला बरी न मानली जाणारी रसायनं घालतात. त्यापेक्षा थोडे पैसे साठवा आणि सिलिकॉन किंवा एबीएस या कडक प्लास्टिकचं घ्या. सुरुवातीला बाहेरूनच वापरायचं छोटं बुलेट व्हायब्रेटर पुरे, उगाच मोठ्या आकाराच्या नादी लागू नका.

ल्युब, म्हणजे घर्षण कमी करणारं वंगण, वॉटर-बेस्डच घ्या. सिलिकॉनच्या टॉयवर सिलिकॉन ल्युब लावलं तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो. आणि खोबरेल सुचवणाऱ्यांनो, तेलाने लेटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटतो हो! दोघांत एकच टॉय असेल तर त्यावर कंडोम हवाच, माणूस बदलला की नवा.

गुदद्वारासाठी मात्र बुडाशी रुंद कड असलेलंच घ्या, इथे तडजोड नाही. योनी आतून बंद असते, गुदाशय पुढे आतड्याला जोडलेलं असतं. वस्तू वर सरकली की थेट हॉस्पिटल. तिथे वापरलेलं टॉय न धुता योनीजवळ आणू नका.

धुताना साधा सौम्य साबण आणि कोमट पाणी बास. चार्जिंगचं भोक असेल तर वॉटरप्रूफ आहे का ते आधी बघा.