निलगिरीचा ओंडका फुटतो: दोष झाडाचा की आपला?

(ओंडका, रंधा आणि पानगळ ही चर्चा करणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

ओंडका: लागवडीतली निलगिरी तोडली की पुष्कळदा काही तासांतच ओंडक्याच्या टोकाला गाभ्यातून चांदणीसारख्या चिरा पडतात. चिरायला घेतली तर फळी करवतीवरच बाक धरते. माझं मत स्पष्ट आहे: ही झाडं कागदाच्या लगद्याला आणि जळणाला ठीक, यांच्या चौकटी करू नयेत. सहा-सात वर्षांत घाईघाईने वाढवलेल्या लाकडात ताण साठणारच.

रंधा: घाईचा मुद्दा पटला नाही. सालीखाली तयार झालेली नवी पेशी पक्की होताना लांबीत आखडू पाहते, पण आतलं जुनं लाकूड तिला आखडू देत नाही. त्यामुळे बाहेरचा थर ताणलेला राहतो आणि थरावर थर चढतील तसा गाभा दाबला जातो. ताण आणि दाब यांची सीमा साधारण त्रिज्येच्या ०.६ पटीवर येते. हे हळू वाढणाऱ्या झाडांतही घडतं, आणि झाडाच्या फायद्याचंच आहे. लाकूड ओढ जास्त सोसतं, दाब कमी. वाऱ्याने खोड वाकलं की बाकाच्या आतल्या बाजूवर येणारा दाब या आधीच्या ताणामुळे हलका होतो. आपण आडवा छेद घेतो तेव्हा टोकाशी हा तोल सुटतो, म्हणून चिरा.

ओंडका: झाडाचा फायदा मान्य. फळीचा काय? कोवळ्या झाडात बहुतेक लाकूड गाभ्याजवळचंच असतं: हलकं, पेशीभित्तीतले तंतू तिरपे, वाळताना लांबीतही आटणारं. झाड मोठं होऊ द्यावं, तर दाबाने गाभ्यात बारीक आडव्या मोडी पडून लाकूड ठिसूळ होतं. दोन्हीकडून नुकसानच.

रंधा: तो गाभा वगळून चिरा ना! एकाच बाजूने फळ्या काढत गेलात तर उरलेला ओंडका वाकतो. समोरासमोरच्या दोन बाजूंनी एकदम कापलं की ताण सारखा सुटतो. ओंडके होईल तितके लांब ठेवावेत, चिरेपर्यंत पाणी मारत राहावं. पाण्याने ताण जात नाही, पण वाळून चिरा वाढायच्या थांबतात.

पानगळ: तुम्ही दोघंही झाड तोडल्यानंतरचं बोलताय. एकाच वयाच्या, एकाच शेतातल्या दोन झाडांत ताणाचा फरक मोठा असू शकतो. कललेल्या झाडात वरच्या अंगाला ताणकाष्ठ, म्हणजे जास्त ताण धरणारं लाकूड, तयार होतं. दाट रान एकदम विरळ केलं तर उरलेली झाडं वाऱ्यात सापडतात आणि पुन्हा तेच. विरळणी लवकर आणि थोडीथोडी हवी. शिवाय फुटण्याची खोड काही प्रमाणात वंशातूनही येते. उभ्या झाडाची थोडी साल काढून, मापक लावून, शेजारी भोक पाडलं की लाकूड किती आखडतं ते कळतं. रोपांसाठी मातृवृक्ष निवडताना हे मोजायलाच हवं.

ओंडका: हे पटलं. पण लगद्यासाठीची रोपं निवडताना वाढ आणि लगद्याचा उतारा बघतात, फुटणं नाही. त्यांच्यापासून चौकटी काढायला माझा विरोध कायम.

रंधा: त्या रोपांपुरता माझाही. निलगिरीला सरसकट नको म्हणू नका, एवढंच.