जुना शिसे-तांबे कारखाना: आधुनिक करायचा की टाळं ठोकायचं?

भट्टीवाला, हिंगणा रोड
पेरूतला ला ओरोयाचा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला, तिथं तांबं, शिसं, जस्त निघायचं; २००९ मध्ये काम थांबलं. माझं मत, असे कारखाने मोडू नका, बदला. जुन्या सिंटर मशीनवर (खनिजाची भुकटी भाजून ढेकळं करणाऱ्या यंत्रावर) सल्फाइड म्हणजे गंधक असलेलं खनिज भाजलं की गॅस हवेत मिसळून पातळ होतो. त्यातल्या सल्फर डायऑक्साइडचं आम्ल करणं परवडत नाही, म्हणून तो चिमणीतून सोडतात. बंदिस्त भट्टीत ऑक्सिजन दिला की गॅस दाट निघतो आणि सल्फ्युरिक आम्ल बनतं. सुपरफॉस्फेट खताला ते लागतंच. २०१८ मध्ये तमिळनाडूतला तुतिकोरिनचा तांबे कारखाना बंद झाला आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश आयातदार झाला.

धंतोलीची आई
दादा, तुतिकोरिनची भट्टी तर आधुनिकच होती. तरी लोक रस्त्यावर उतरले आणि पोलीस गोळीबारात १३ जणांचा जीव गेला. ला ओरोयातही १९९७ मध्ये खासगी कंपनीने सुधारणांची हमी दिली, मग मुदत वाढवून घेतली. काम थांबलं तेव्हा तांब्याच्या विभागाचा आम्ल प्लांट अर्धवटच होता. तेवढी वर्षं मुलांच्या रक्तात शिसं साठत राहिलं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने पेरू सरकारला दोषी धरलं. मेंदूचं झालेलं नुकसान कोणता प्लांट भरून देणार?

फिटर, बुटीबोरी
ताई, मोठा कारखाना बंद केला तर शिशाच्या जुन्या बॅटऱ्या जाईन कुठं? गल्लीतल्या भट्टीत! शिसं ३२७ अंशांवर वितळते, कढई अन् कोळसा असला की झालं. तिथं ना धूळ धरणारा बॅगफिल्टर, ना मास्क. मी जिथं होतो तिथं अंघोळीची सोय नव्हती, धुळीचे कपडे तसेच घरी न्यायचो. लेकरं येऊन बिलगायची. मले नवी भट्टी पाहिजे, पण आधी कपडे बदलाची खोली पाहिजे.

भट्टीवाला, हिंगणा रोड
भाऊ, हे पटलं. पण ताई, ला ओरोयात तंत्र हरलं नाही. मुदतवाढ देणारे चुकले.

धंतोलीची आई
मग ऑस्ट्रेलियातला पोर्ट पिरीचा शिसे कारखाना बघा. तिथे सिंटर प्लांट काढून नवी भट्टी बसवली, तरी मुलांच्या रक्तातलं शिसं अपेक्षेइतकं उतरलं नाही. अंगणात, माळ्यावर जुनी धूळ आहेच. म्हणून माझी अट: आधी आसपासच्या मुलांचं रक्त आणि अंगणातली माती तपासा, तीही कंपनीबाहेरच्यांकडून, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था तर आपल्याच नागपुरात आहे. आकडे वस्तीत मराठीत लावा. दरवर्षी ते उतरले नाहीत तर उत्पादन थांबवायचं, मुदतवाढ नाही.

भट्टीवाला, हिंगणा रोड
दरवर्षी थांबण्याची टांगती तलवार असेल तर कोणती बँक कर्ज देईल?

फिटर, बुटीबोरी
बँकेच्या साहेबाचं लेकरू त्या वस्तीत राहत नाही ना.