‘प्रोटीन डिग्रेडेशन’ला ऱ्हास म्हणायचं का?

एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात झाडाच्या वाढीच्या टप्प्यांनुसार प्रोटीन डिग्रेडेशनची जीन्स कशी रेग्युलेट होतात ते आहे. आधीच्या मसुद्यात ‘प्रथिन-ऱ्हास जनुकांचे नियंत्रण’ असं लिहिलंय, मला ते खटकतंय पण का ते नीट सांगता येत नाहीये.

— खटकणारच. ऱ्हास म्हटलं की काहीतरी वाईट झालं असं वाटतं, आणि इथे तर झाड मुद्दाम, ठरवून मोडतंय. पिकलेलं पान घ्या, त्यातलं रुबिस्को नावाचं प्रोटीन मोडून त्यातला नायट्रोजन बियांकडे नेला जातो, मग पान गळतं. ह्याला ऱ्हास कसं म्हणणार, जुनी भांडी मोडीत घालण्यासारखं आहे ते. ‘विघटन’ ठीक. अवनती तर नकोच, ती माणसाची होते.

— विघटनला +१, पण ‘प्रथिन-विघटन जनुके’ अशी मोळी बांधू नका, जनुकांचंच विघटन होतंय असं वाचलं जातं. आणि जनुक स्वतः काही मोडत नाही, त्यावरून एन्झाइम बनतं ते मोडतं. तेव्हा ‘प्रथिनं मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं’, लांबतं पण चालेल.

— मोडणेच वापरा की सरळ! गंमत बघा, बीला ‘मोड’ येतात तेव्हा आत साठवलेली प्रथिनंच मोडत असतात 😀 (दोन्ही मोड एकाच मुळाचे आहेत असा दावा नाही हं.) सातूच्या दाण्यात तर अजून मजा, भ्रूणाकडून जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक येतं, त्यामुळे डेला नावाचं अडवून धरणारं प्रोटीन युबिक्विटिनचा (‘हे मोडा’ अशी खूण म्हणून चिकटणारं छोटं प्रोटीन) शिक्का बसून प्रोटिएझोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन मोडणाऱ्या यंत्रात, मोडलं जातं आणि मग कुठे साठा मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू होतात. म्हणजे मोडायला सुरुवात करायलाच आधी एक मोडावं लागतं.

— म्हणूनच ‘नियंत्रण’ पण बदला. नियंत्रण म्हणजे आवरून धरणं, इथे कधी चालू कधी बंद असं आहे. ॲराबिडॉप्सिस ह्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपट्यातलं एसएजी-१२ हे प्रथिनं मोडणाऱ्या एका एन्झाइमाचं जनुक पान पिकायला लागल्यावरच जागं होतं, हिरव्या कोवळ्या पानात जवळजवळ गप्प. ह्याला नियमन म्हणतात.

— बरं, मग शीर्षकात विघटन आणि नियमन, आत मजकुरात बिनधास्त मोडणे. युबिक्विटिन तसंच ठेवते, ते नाव ‘युबिक्विटस’ म्हणजे सगळीकडे असणारं ह्यावरून आलंय, पण त्याला ‘सर्वव्यापी’ केलं तर देवाचं नाव वाटेल.