जुन्या आरपीजींमधला पहिला कोणता? आपापले अनुभव लिहा

माळवी_मामा
परवा भाचा आला होता, बारावीचे पेपर संपलेत त्याचे. बाल्डर्स गेट ३ हा गेम पूर्ण करून आलाय आणि दारातच सुरू, मामा पहिले दोन आधी खेळायला पाहिजे होते का, आणि जुन्या आरपीजींमधला, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेमांमधला (रोल-प्लेइंग गेम), सगळ्यात आधी कोणता घेऊ. चहा होईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट, पाच सीड्या, या भागातून त्या भागात गेलं की सीडी बदला, आणि आपल्या एमपीत (मध्य प्रदेशात) तेव्हा लाइट जायची ती काय सांगू, २००३ ची निवडणूकच बिजली-सडक-पानीवर झाली. बोटं आपोआप क्विक सेव्हवर, खेळ आहे तिथे साठवायच्या बटणावर, जायची, अजूनही जातात.

त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो. पहिला भाग सगळ्यात आधी नको. तिसऱ्यात त्याला जाहेरा फार आवडली. पहिला भाग त्याच्या शंभरावर वर्षं आधी घडतो, तिथे ती तरुण आहे, नवरा खालिद सोबत आहे, फ्रेंडली आर्म नावाच्या सरायीत दोघं भेटतात. पण त्याच सरायीच्या पायऱ्यांवर एक जादूगार उभा असतो. आधी गोड बोलतो, मग स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, भीतीचा मंत्र टाकतो आणि आपली माणसं सैरावैरा पळत सुटतात. आपला पहिल्या लेव्हलचा जादूगार असेल तर हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, चार ते सहा, रस्त्यातला एक लांडगा पुरतो. शिवाय नियम डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून टेबलावर खेळायचा खेळ) दुसऱ्या आवृत्तीचे, आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला, तिसऱ्या भागात बरोब्बर उलट. नव्या पोराला हे कुणी सांगितलं नाही तर तासाभरात उठेल आणि म्हणेल जुने गेम बेकार. तसं व्हायला नको, फार जीव आहे माझा या गेमांवर.

म्हणून माझं म्हणणं, सालवार लावून खेळायचं नाही आणि 'टॉप टेन' बघूनही नाही. माणूस बघून पहिला गेम द्यायचा. तुमच्या हातात पहिला कोणता आला, आणि आज घरच्या पोराला कोणता द्याल?

सराफा_रात्री_१२
क्रोनो ट्रिगर. विषय संपला.

माळवी_मामा
अरे भिया असं नको, नीट लिही ना, त्याला दाखवणार आहे मी हे

सराफा_रात्री_१२
दुकानात आहे, गिऱ्हाईक गेलं की लिहितो

बडोद्याची_सून
कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्यात तेवढ्यात लिहिते. मी इंदूरच्या रामबागची, लग्न होऊन बडोद्याला आले. माझा पहिला पोकेमॉन फायररेड, दादाच्या कॉम्प्युटरवर, दादा क्लासला गेला की मी बसायचे. लोक याला लहान मुलांचा म्हणतात पण आरपीजी म्हणजे काय ते सगळं यात आहे, टोळी जमवा, लेव्हल वाढवा, कोणापुढे कोण टिकतो ते ओळखा. सुरुवातीला तिघांतला एक निवडायचा असतो, सगळी मुलं ड्रॅगनसारखा दिसतो म्हणून चारमँडर घेतात आणि पहिल्याच जिमला, म्हणजे लढतीच्या आखाड्याला, दगडवाला ब्रॉक, दुसऱ्याला पाणीवाली मिस्टी, तिथे अडतात. मी बल्बासॉर घेतला होता, ते दोन्ही जिम सहज गेले. आता माझी लेक आठ वर्षांची आहे तिलाही तोच दिलाय, पण निवड तिची तिला करू दिली, तिनं चारमँडरच घेतला आणि आता लेव्हल १३ ला मेटल क्लॉ येईपर्यंत गवतात फिरतेय ब्रॉकसाठी. मी गप्प बसलेय, एक शब्द सांगत नाही. झाली शिट्टी

गराडूप्रेमी
बडोद्याला पोहे कसे मिळतात हो ताई?

बडोद्याची_सून
सेवउसळ मिळते आणि लीलो चेवडो मिळतो, दोन्ही छान आहे, पोहे मी घरीच करते, वरून टाकायचा जिरावण मसाला आई पाठवते.

गराडूप्रेमी
जिरावण संपलं की सांगा, आमचे काका दर महिन्याला तिकडे येतात

नर्मदा_लाइन
फॉलआउट, १९९७ चा पहिला. मामा तुमच्या भाच्याला विचारा त्याला पाण्याची गोष्ट कळते का. जमिनीखालच्या व्हॉल्ट १३ नावाच्या आसऱ्यामधली पाणी शुद्ध करायची चिप खराब होते, तुम्हाला बाहेर पाठवतात आणि सांगतात १५० दिवसांत नवी आणा. बस्स. बाहेर अणुयुद्धानंतरचं वाळवंट. मी हा खेळलो तेव्हा मे महिना होता, आमच्या गल्लीत टँकर यायचा एक दिवसाआड, बादल्या रांगेत लावून मी वर येऊन खेळायचो, आई खालून हाक मारायची टँकर आला रे. आजोबा नर्मदेचं पाणी इंदूरला आणायच्या १९७० च्या आंदोलनात होते, १९७८ ला इंदूरला नर्मदेचं पाणी आलं ते जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, पंप लावून वर चढवून. त्या दिवसाबद्दल बोलताना आजोबांचा आवाज बदलायचा. तर गेममध्ये हब नावाचं गाव आहे, तिथल्या पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे दिले की ते व्हॉल्टला पाणी पोचवतात आणि तुम्हाला १०० दिवस वाढवून मिळतात. मी आजोबांना हे दाखवलं होतं. चष्मा पुढे ओढून त्यांनी विचारलं पैसे किती मागतो, आणि मग म्हणाले दे, पाण्याला घासाघीस करायची नाही. आजपर्यंत मी दुसऱ्या कुठल्याही गेमची इतकी काळजी केली नाही. लढाई आळीपाळीची आहे, घाई नाही, आणि बऱ्याच जागी बंदुकीपेक्षा तोंड जास्त चालतं म्हणून बोलण्याच्या कौशल्यात पॉइंट टाकायला सांगा. दुसरा भाग मोठा आहे पण त्याच्या सुरुवातीला जे मंदिर आहे ते नव्या माणसाला छळतं, पहिला तो पहिलाच.

सुदामानगरची
आजोबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडेही तेच सगळे किस्से, बाबा सांगायचे.

जेलरोड_जुना
इंदूरच्या जेल रोडवर सीड्यांची दुकानं होती ती आठवतात का कोणाला? पायऱ्या उतरून खाली एक होतं, भिंतीभर प्लास्टिकच्या पिशव्यांत सीड्या टांगलेल्या. तिथूनच डायब्लो २ आणला होता मी. हॉस्टेलला लॅन (मशीन जोडायची केबल) ओढलेली, चार खोल्यांत चार मशीन, कोण बार्बेरियन कोण नेक्रोमॅन्सर, आणि चांगली वस्तू पडली की जो आधी क्लिक करेल त्याची, त्यावरून मेसमध्ये अबोला. २००० सालचा गेम आहे आणि अजूनही नवीन माणसाला पाच मिनिटांत धरतो. भाचा अधीर असेल तर हाच. मित्रांबरोबर खेळायला सांगा, एकट्यानं मजा निम्मी.

शब्दवेडा
डायब्लो आरपीजी कुठे? त्यात भूमिका कसली, क्लिक क्लिक तर आहे.

जेलरोड_जुना
लेव्हल आहे, कौशल्यांची झाडं आहेत, कॅरेक्टर घडवायचं आहे. अजून काय पाहिजे राव

शब्दवेडा
निवड पाहिजे, परिणाम पाहिजे. मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागात वाढलो, आमच्या घरी बोलणं हाच मुख्य कार्यक्रम. माझ्या हाती पहिला आला तो प्लेनस्केप टॉर्मेंट, १९९९ चा. शवागारात दगडी ओट्यावर आपण जागे होतो, नाव आठवत नाही, अंगभर खुणा आणि पाठीवर गोंदवलेला मजकूर, आणि एक तरंगणारी कवटी तो मजकूर आपल्याला वाचून दाखवते. मेलो तरी गेम बहुतेक वेळा संपत नाही, परत उठायचं, काही ठिकाणी तर मरूनच पुढचा रस्ता सापडतो. अख्ख्या गेममध्ये टाळता न येणाऱ्या लढाया अगदी थोड्या. ताकदीत पॉइंट न टाकता शहाणपण आणि बुद्धीत टाकले की स्वतःच्या आधीच्या आयुष्यांच्या आठवणी उलगडतात, आणि आपण आधी काय काय केलंय हे ऐकून मला रात्री झोप लागेना. मराठी शाळेत शिकलेलो, शेजारी शब्दकोश घेऊन बसायचो, दोन पानं शोधायची आणि पुढे जायचं. जे पोर कादंबऱ्या वाचतं त्याला हाच द्या. वाचायचा कंटाळा असेल तर अजिबात देऊ नका, गेमवर अन्याय होईल.

माळवी_मामा
भाचा वाचतो खरं. त्याच्या बॅगेत सतत काहीतरी असतं. पण टॉर्मेंटच्या लढाया तेव्हाही ढिल्याच होत्या, ते त्याला चालेल का बघावं लागेल. डायब्लोचं भांडण तुम्ही दोघं सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) बसून मिटवा, भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

निवृत्त_बँकवाला
मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, मुलगा परदेशी, त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे. उजव्या हाताला कंप आहे, डॉक्टर म्हणाले बोटं चालती ठेवा. पटापट बटणं दाबायचे गेम मला जमत नाहीत, म्हणून मुलानं फायनल फँटसी या जपानी मालिकेचे पिक्सेल रीमास्टर, म्हणजे जुन्या भागांच्या नव्यानं केलेल्या आवृत्त्या, घालून दिले. सुरुवातीच्या भागांत आपली पाळी आली की गेम थांबतो, मी चहा पिऊन आलो तरी समोरचा राक्षस वाट बघत उभा. मग सहावा भाग खेळलो, मूळ १९९४ चा, तिथे सावकाश बटण दाबणाऱ्यासाठी वेगळी सेटिंग आहे, मंत्र किंवा वस्तू निवडताना लढाई थांबते, ती चालू करून ठेवली.

या सहाव्या भागाबद्दल सांगतो. कायमची चौदा पात्रं आहेत आणि प्रत्येकाचं दुःख वेगळं. मध्ये ऑपेराचा प्रवेश आहे. सेलेस नावाची सेनापती बाई, गाणारणीच्या जागी तिला उभं राहावं लागतं. आधी संहिता वाचायला देतात आणि रंगमंचावर गेल्यावर पुढची ओळ कोणती ते आपण निवडायचं, चुकलं की प्रवेश पडतो. मला एकदम वडिलांची आठवण झाली. लहानपणी ते मला संगीत नाटकांना न्यायचे, पडद्यामागे हळूच ओळ सांगणारे प्रॉम्प्टर असायचे, त्यांच्याकडेच माझं लक्ष. मी ती संहिता कागदावर उतरवून घेतली आणि मग पुढे गेलो. प्रवेश संपल्यावर सौ. ला बोलावून परत दाखवला. ज्यांना वाटतं हे खेळ तरुणांचे, त्यांनी हा प्रवेश बघावा.

सुदामानगरची
काका, हात कसा आहे आता? आणि काकूंना आवडला का?

निवृत्त_बँकवाला
हात आहे तसाच आहे पण बोटं चालतात. सौ. म्हणाली बाई छान उभी राहिली. आता संध्याकाळी ती स्वयंपाक करते तेव्हा मी गोष्ट सांगतो आज कुठवर आलो ते.

सराफा_रात्री_१२
शटर पाडलं, आता लिहितो. क्रोनो ट्रिगर, १९९५, सुपर निंटेंडोचा. फायनल फँटसीचे साकागुची, ड्रॅगन क्वेस्टचे होरी आणि चित्रं अकिरा तोरियामांची, तिघं एकत्र. जुन्या जपानी गेमांत चालता चालता अचानक लढाई अंगावर येते आणि नवी पोरं त्यालाच वैतागतात, इथे बहुतेक शत्रू समोर उभे दिसतात. दोघं मिळून एकत्र वार करतात त्यात वेगळीच मजा. लांबीही बेताची, वीस-पंचवीस तासांत होतो, आणि संपला की तीच ताकद घेऊन परत सुरू करायचा, शेवट बरेच आहेत.

पण मला धरलं ते जत्रेनं. सुरुवातीलाच राज्याला हजार वर्षं झाली म्हणून जत्रा असते. मी फिरत होतो, एका टेबलावर कोणाचं तरी जेवण ठेवलेलं, बटण दाबलं तर खाल्लं गेलं. पुढे गेलो, विसरलो. मग एका प्रसंगात आपल्यावर खटला भरतात आणि वकील उभा राहून विचारतो, जत्रेत त्या म्हाताऱ्याचं जेवण कोणी खाल्लं? हरवलेली मांजर त्या मुलीला परत दिली का? पंच एकेक करून मत देतात. मी अवाक. गेमनं सगळं बघितलं होतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये जे निवडीचे परिणाम म्हणतात ना, ते इथे १९९५ ला एका छोट्या जत्रेत आहे, आणि म्हणूनच तुमच्या भाच्याला हा पहिला. तोरियामा गेल्याची बातमी मार्च २०२४ ला आली त्या रात्री मी परत सुरू केला होता. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानात) आहे, फोनवरपण आहे. आणि हो, कुणीतरी फायनल फँटसी सात सुचवेल, चांगलाच आहे, पण पहिल्या डिस्कच्या शेवटी जे होतं ते

बडोद्याची_सून
थांबा थांबा!! भाचा वाचणार आहे हे

सराफा_रात्री_१२
थांबलो

जेलरोड_जुना
कोणाकडे बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे का? हे वाचून जुन्या सीड्या काढल्या, लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

नर्मदा_लाइन
माझ्याकडे आहे, रविवारी राजवाड्याजवळ येतोय, घेऊन जा. परत दे मात्र.

पायी_फिरणारा
मॉरोविंडचं कोणी काढलंच नाही म्हणून लिहितोय. २००२. नकाशावर बाण नाही, कुठे जायचं ते माणसं तोंडी सांगतात आणि डायरीत उतरतं, पूल ओलांडा, मग उत्तरेला, दोन दगडांच्या मधून. मी तेव्हा कोर्टाच्या कामानं खेड्यापाड्यांत फिरायचो, तिथे पत्ते असेच मिळायचे, त्यामुळे मला हा गेम पहिल्या दिवशी आपला वाटला. चुकून भलत्या गुहेत शिरलो आणि तिथेच दोन रात्री गेल्या, मूळ काम राहिलंच, पण गुहा काय होती! तलवार मारली तरी सुरुवातीला लागत नाही, कारण आत फासे पडतात, हे भाच्याला आधी सांगा. ज्या हत्याराचं कौशल्य जास्त तेच हातात धरायचं आणि दमलेलं असताना लढायचं नाही, धावून धावून हिरवी पट्टी संपली की नेम आणखी चुकतो. सेडा नीन गावाबाहेर तो मोठा किडा उभा असतो, सिल्ट स्ट्रायडर, त्यावर बसून बाल्मोराला जाता येतं. पण पहिल्या वेळी पायीच जायला सांगा.

माळवी_मामा
आत्ताच त्याला फोन केला. क्रोनो ट्रिगर आधी, फोनवर, कारण लॅपटॉप बहिणीच्या परीक्षेसाठी अडकलाय. मग फॉलआउट. बाल्डर्स गेटचा पहिला भाग मी शेजारी बसून खेळवणार, त्या पायऱ्यांवरच्या जादूगारापर्यंत तरी. प्लेनस्केप सुट्टी संपायच्या आत. काका, ऑपेराचं त्याला काही सांगितलं नाही, ते त्यानं स्वतः बघावं.

गराडूप्रेमी
ताई, काका शुक्रवारी निघतायत. जिरावण किती पाठवू?