ख्रिस्ती असणं आणि नवरा-बायकोचं प्रेम: तुमच्या घरातलं सांगा

सर्वांना सलाम. आमच्या नगरकडे ख्रिस्ती माणसं भेटली की सलामच म्हणतात.

माहेरी रोज रात्री 8 वाजता कुटुंबप्रार्थना व्हायची. आई-बाबांचं काही बिनसलं असेल तर आम्हाला ते प्रभूच्या प्रार्थनेत कळायचं. मराठीत त्या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं, तसं तू आम्हाला सोड. त्या ओळीला बाबांचा आवाज खाली जायचा. एकदा ते तिथेच थांबले, आईला म्हणाले, "चुकलं माझं," आणि मग पुढची ओळ घेतली. आम्ही तिघी बहिणी डोळे घट्ट मिटून होतो. माझ्या लग्नाला आता 19 वर्षं झाली. कितीही राग असला तरी त्या ओळीवरून मला पुढे जाता येत नाही.

आमच्याकडे लग्नाच्या प्रवचनात कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हमखास येतात. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. प्रवचन 1895वरून थेट 1900वर जातं. मला मधली वर्षं मोलाची वाटतात. आधी ताटातूट, मग एकत्र येऊनही घरात धर्म दोन. तेव्हा त्यांनी एकमेकांना कसं सांभाळलं असेल?

तुमच्याही मधल्या वर्षांबद्दल लिहा. ख्रिस्ती असल्यामुळे जोडीदारावर प्रेम करण्यात काय फरक पडला, किंवा पडला नाही, तेही. नावं नकोत.

वसई, लग्नाला 34 वर्षं

आमची वाडी आहे, केळी आणि भाजीची. बायको कित्येक वर्षं पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन मुंबईला जायची.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. विधीच्या नियमाप्रमाणे ते पुरुषच असायचे. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही त्यात घ्यायला परवानगी दिली. पुढे एका वर्षी आमच्या धर्मग्रामात हिचं नाव आलं, तर ही सरळ नाही म्हणाली. फार विचारलं तेव्हा टाचा दाखवल्या. भेगा एवढ्या खोल की वाडीतली माती आत कायमची बसलेली, काळ्या रेघांसारखी. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्या पाहिल्या नव्हत्या. मी स्वतः मात्र दोनदा त्या बारांत बसलो होतो, नखं कापून, नवे मोजे घालून.

बुधवारी रात्री घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि वज्री घेऊन खाली बसलो. ती म्हणत राहिली, "सोडा हो, कोणी बघेल." मी उठून दाराला कडी लावली. सगळी माती काही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी फादरांनी तिच्या पायांवर पाणी ओतलं, तेव्हा मला वर बघवेना. येशूने शिष्यांचे पाय धुतले हे लहानपणापासून ऐकत आलोय. धुणाऱ्याला पाय जवळून बघावे लागतात, हे त्या बुधवारी कळलं.

श्रीरामपूरजवळ, लग्नाला 11 वर्षं

मी ख्रिस्ती नाही, नवरा कॅथलिक आहे. तरी लिहिते.

आधी विशेष विवाह कायद्याने नोंदणी केली. 30 दिवस आमची नोटीस बोर्डावर होती आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी ती जाऊन वाचली. मग चर्चमध्येही व्हावं अशी सासूबाईंची इच्छा. त्यासाठी बिशपांची परवानगी लागते आणि कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन. मला त्याची फक्त कल्पना द्यायची असते. तो कागद माझ्या मनाला लागला. आजही थोडा लागतो, खोटं कशाला बोलू.

पण त्याने लगेच सही केली नाही. कागद चार दिवस फ्रिजवर पडून होता. म्हणाला, "देवासमोर अर्धवट सही नको. तुला काय वाटतं ते आधी पूर्ण बोल." मी बोलले, रडले, भांडले. पाचव्या दिवशी मीच त्याला पेन दिलं.

हरतालिकेला मी उपाशी असते, त्या दिवशी तोही जेवत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी तो मटण-कोंबडी सोडतो, मग माझ्याही ताटात पिठलं. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जातो, तिथे मेणबत्ती मी लावते.

गाव सांगत नाही

माझा पहिला नवरा मारायचा. मारून झालं की बायबल काढायचा. इफिसकरांस पत्र, 5वा अध्याय, 22वं वचन: स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा. मी पाळकांकडे गेले. त्यांनी प्रार्थना केली आणि मला परत घरी पाठवलं.

1993 साली मुलाला घेऊन निघाले. आम्हा ख्रिस्ती बायकांना तेव्हा 1869चा घटस्फोट कायदा लागू होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोने मात्र व्यभिचार आणि त्यासोबत छळ किंवा त्याग, असं दोन्ही सिद्ध करायचं. नुसता मार पुरत नव्हता. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने ही अट घटनेविरुद्ध ठरवली, 2001 साली संसदेने कायदाच बदलला. मी त्यानंतर सुटले.

2003 साली दुसरं लग्न केलं. हे विधुर होते. लग्नाआधी एकदा बोलायला बसलो, तेव्हा यांनी तोच अध्याय काढला. माझे हात गार पडले. यांनी सुरुवात केली 21व्या वचनापासून: एकमेकांच्या अधीन असा. मला ते वचन तोवर कोणी वाचून दाखवलं नव्हतं. पान तेच होतं.

अजूनही कोणाचा हात अचानक वर गेला की मी दचकते. म्हणून हे पंख्याचं बटण लावायच्या आधी सांगतात, "पंखा लावतो हं." 20 वर्षं झाली, एकदाही विसरले नाहीत.

कुवेत

मी इथे नर्स आहे, नवरा मिरजेत. रोज फोनवर बायबलमधलं एक स्तोत्र वाचतो, एक वचन त्याचं, एक माझं. 119व्या स्तोत्रात 176 वचनं आहेत, ते आठवडाभर पुरतं. भांडण असलं तरी वाचायची पाळी चुकवायची नाही असं ठरलंय. त्याचा ताप मला एकदा वचनातच कळला.

पुणे, लग्नाला 3 वर्षं

माझी श्रद्धा उरलेली नाही, बायकोची आहे. ती माझ्यासाठी प्रार्थना करते हे मला टोचायचं. तसं सांगितलं, तर म्हणाली, "तुला बदल असं नाही मागत. तुझी नोकरी टिकू दे, एवढंच मागते." रविवारी तिला उपासनेला सोडतो आणि बाहेर थांबतो. गाणी ऐकू येतात. बसतो ऐकत.

जालना

बायकोला जाऊन अडीच वर्षं झाली, संसार 41 वर्षांचा. पुनरुत्थानात लग्न करणं नाही, असं प्रभू म्हणतो, मत्तयाच्या 22व्या अध्यायात. ते वचन मी पूर्वी सहज वाचून जायचो. आता त्या पानावर थांबतो. पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनी नीट समजावलं. डोक्याला पटलं.

तिचं बायबल मी हल्ली वापरतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात, प्रीती कशी असते ते सांगणाऱ्या 'अपकार स्मरत नाही' या शब्दांशेजारी समासातला कागद झिजलेला आहे. उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. तिथे ती आमच्या भांडणाची तारीख पेन्सिलीने लिहायची. मिटलं की खोडायची. मला ती हयात असताना हे माहीत नव्हतं, मुलीने सांगितलं.

एक तारीख तशीच राहिली आहे, 6 ऑगस्ट. साल नाही. त्या दिवशी काय झालं होतं ते मला काही केल्या आठवत नाही. दोनदा खोडरबर घेऊन बसलो. दोन्ही वेळा परत ठेवलं.