मदत हवी आहे: नोकरी न सोडता उपयोजित भाषाविज्ञानात एम.ए.

सातपुडा_मास्तर: भाषा शिकवण्यासाठी उपयोजित भाषाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. नोकरी सोडायची नाही. कुठं होईल? लवकर सांगा, फॉर्म सुटायची वेळ आहे. ‘गूगल करा’ म्हणू नका, इथं रेंज टेकडीवर जाऊन घ्यावी लागते.

निंबोणी: कोणती भाषा शिकवता? इंग्रजी असेल तर हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ) पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र कोर्स करा. दूरशिक्षणातून होतो, संपर्क वर्गापुरतं तिकडं जायचं. मी केलाय, ध्वनिविचाराचा भाग फार चांगला आहे.

दादाराव_वऱ्हाडी: एम.ए. करून पगार वाढते का भाऊ? बी.एड. करा, टेट द्या, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव टाका. माह्या भाच्यानं तेच केलं.

सातपुडा_मास्तर: नोकरी आहे म्हटलं ना वर! जिल्हा परिषद शाळा, धारणी तालुका. इंग्रजीचं कोण बोललं? पोट्टे घरी कोरकू बोलतात, मी मराठीतून शिकवतो. चौथीतला पोरगा ‘माझा आई आला’ लिहितो. लाल शाई करून कंटाळलो.

काळीमाती: हे आधी सांगायचं ना गुरुजी. बी.ए. कशात?

सातपुडा_मास्तर: मराठी वाङ्मय. नंतर डी.एड.

काळीमाती: चालेल, भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला सहसा कोणत्याही शाखेचा पदवीधर घेतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. हैदराबाद विद्यापीठात (इफ्लू वेगळं) उपयोजित भाषाविज्ञान आणि अनुवादाचं केंद्रच आहे. जवळचं म्हणाल तर वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय, पण माध्यम हिंदी. तिन्हीकडं रोज वर्गात बसावं लागतं, म्हणजे अध्ययन रजा आलीच.

पाऊलवाट: पुण्यात म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं पश्चिम केंद्र आहे, दहा महिन्यांचा कोर्स, खास शिक्षकांसाठी. तिथं जा.

काळीमाती: अहो, तिथं दुसऱ्या राज्यांतले शिक्षक मराठी शिकायला येतात. हे मराठीच शिकवतात, तिथं काय करतील?

पाऊलवाट: शिकवण्याची पद्धत तर दिसेल ना. तुम्ही गेला होता का तिथं?

आश्रमशाळा_ताई: एम.ए.ची गरजच नाही. मी चिखलदऱ्याकडं शिकवलं, कोरकू शब्दांचे तक्ते भिंतीवर लावले, पोरं बोलायला लागली. गोंडी असो की कोरकू, सगळं सारखंच.

काळीमाती: ताई, तक्ते चांगलेच, पण सारखं कसं? गोंडी द्राविडी आहे, कोरकू मुंडा कुळातली. तिचं नातं झारखंडच्या संताळी-मुंडारीशी. कोरकूत नामाचं लिंग स्त्री-पुरुष असं नसतं, सजीव-निर्जीव असा भेद असतो. वचनं मात्र तीन, द्विवचन धरून. मराठीत तीन लिंगं, अन् विशेषण-क्रियापद त्यांच्यामागं फिरतं. म्हणून ‘माझा आई आला’. आई सजीव आहे हे पोराला पक्कं ठाऊक आहे, पण ती ‘माझी’ का, हे त्याच्या भाषेनं कधी विचारलेलंच नाही. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषावैज्ञानिकानं १९६७ साली हेच मांडलं, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात तयार होत असलेल्या व्यवस्थेचा पुरावा. लाल शाई नंतर, आधी आठवडाभराच्या चुका वहीत गटवार लिहून काढा.

सातपुडा_मास्तर: हेच मले पाहिजे होतं! हे कोणत्या पेपरात शिकवतात?

काळीमाती: दुसऱ्या भाषेचं अध्ययन आणि व्यतिरेकी विश्लेषण, म्हणजे दोन भाषा शेजारी ठेवून फरक शोधणं. अभ्यासक्रमात हे दोन दिसले तरच पैसे भरा. वाक्यविचार-ध्वनिविचार सगळीकडं असतं.

रेल्वेप्रेमी_अकोट: धारणीकडं विषय निघालाच आहे तर विचारतो, अकोल्याहून धुळघाटमार्गे गाडी कधी सुरू होणार? मीटरगेज बंद झाल्यापासून आमचे हाल.

निंबोणी: इथं एम.ए.चं चाललंय.

रेल्वेप्रेमी_अकोट: त्याईले बी जायचंच आहे ना कशानं तरी.

पाऊलवाट: रजा मिळेपर्यंत सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवर भाषाविज्ञानाचे फुकट कोर्स बघा. बहुतेक इंग्रजीत आहेत.

सातपुडा_मास्तर: व्हिडिओ टेकडीवर बसून पाहू का? रजेचं सांगा, अर्ज कोणाकडं?

आश्रमशाळा_ताई: केंद्रप्रमुखामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, पुढं जिल्हा परिषदेत. प्रवेशाच्या आधी परवानगी घ्या आणि पोच सांभाळा. माझ्या ओळखीच्या बाईंनी परवानगी न घेता पदवी केली, सेवापुस्तकात नोंद अजून झाली नाही.

सातपुडा_मास्तर: सोमवारी अर्ज देतो. वर्ध्याला उत्तरं मराठीत लिहू देतात का, कोणी सांगेल?