शब्दचर्चा : 'प्रीती', 'आज्ञा पाळणे' आणि 'आज्ञेत राहणे' (अक्षरजुळारी, मुद्रितशोधक, तळटीप आणि इब्रीवाचक ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं)

अक्षरजुळारी : ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांसाठी एका अभ्यासपुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. पहिल्या प्रकरणाचा मथळा सध्या असा आहे : 'प्रेम आणि आज्ञाधारकतेतून विश्वास जगणे'. वाचताना जीभ अडखळते. तीन शंका आहेत. 'प्रेम' ठेवावं की 'प्रीती'? 'आज्ञाधारकता' चालेल का? आणि 'विश्वास जगणे' हे मराठी आहे का?

मुद्रितशोधक : तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती लगेच निकालात निघते. 'जगणे' सहसा अकर्मक असतं. 'आयुष्य जगणे' रुळलं आहे, 'विश्वास जगणे' मात्र उसनं वाटतं. मराठी बायबलच्या वाचकाला 'विश्वासाने चालणे' ओळखीचं आहे (२ करिंथ ५:७). प्रकरणाचा आशय गलती ५:६ मध्ये आयता मिळतो. तिथे विश्वास प्रीतीच्या द्वारे कार्य करतो, असं म्हटलं आहे. यात विश्वास हा कर्ता आहे आणि प्रीती हे त्याचं कामाचं साधन. तुमच्या मथळ्यात माणूस कर्ता होतो आणि विश्वास नुसता वापरायची वस्तू उरतो.

'आज्ञाधारक' काढून टाका. हा शब्द शाळेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' म्हणून इतका झिजला आहे की वाचकाला आधी मुख्याध्यापक दिसतात. मंडळीत 'आज्ञांकित', 'आज्ञापालन' आणि 'आज्ञेत राहणे' चालतात. त्यांतलं 'आज्ञेत राहणे' सर्वांत मराठी. इफिस ६:१ मध्ये मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असंच आहे, आणि घरोघरी 'मुलगा आज्ञेत आहे' असं म्हणतातच.

तळटीप : 'आज्ञेत राहणे'च्या बाजूने आणखी एक मुद्दा. योहान १५:१० मध्ये 'माझ्या आज्ञा पाळल्या तर माझ्या प्रीतीत राहाल' असं आहे. 'राहणे' हेच क्रियापद दोन्हीकडे जुळवता येतं : प्रीतीत राहणे, आज्ञेत राहणे. दोन्ही सप्तमीत, म्हणजे राहण्याची जागा एकच. यामुळे आधी प्रेम वाटू दे, मग आज्ञा पाळू, किंवा आधी पाळू आणि मग देव प्रेम करील, हा दोन्ही बाजूंचा गोंधळ टळतो.

'पाळणे' हाही नेमका शब्द आहे, फक्त त्याचे अर्थ वाचकाला आठवून द्यावे लागतात. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधलं क्रियापद 'तेरेओ'. ते राखणे, जपणे, पहारा देणे या अर्थांनी येतं. प्रेषितांची कृत्ये १२:५ मध्ये पेत्र तुरुंगात राखलेला आहे, योहान २:१० मध्ये चांगला द्राक्षारस आतापर्यंत राखून ठेवलेला आहे, दोन्हीकडे हेच क्रियापद. मराठीतही आपण गाय पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो. तिन्हींत रोजची काळजी आहे. एकदा हुकूम बजावला आणि सुटलो, असं त्यात नाही.

अक्षरजुळारी : योहान १४:१५ मधलं 'तुमची माझ्यावर प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल' हे वाक्य तरुणांना अटीसारखं वाटतं. 'प्रेम असेल तर करून दाखव', असं. काय करावं?

तळटीप : 'पाळाल' तसंच ठेवा. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत इथे पाठभेद आहेत. काहींत भविष्यकाळ आहे, काहींत आज्ञार्थ. मराठी भाषांतर भविष्यकाळाबरोबर गेलं आहे. भविष्यकाळ घेतला की वाक्य परिणाम सांगतं, म्हणजे प्रीती असेल तिथे पाळणं येईलच. 'पाळा' लिहिलंत तर तुम्ही म्हणता तो पेच खरंच उभा राहतो.

इब्रीवाचक : आज्ञापालनाची मुळं 'ऐकणे' या क्रियेत आहेत, ते इथे यायला हवं. इब्री (हिब्रू) 'शमा' म्हणजे ऐकणे, आणि तोच शब्द आज्ञा पाळण्यासाठी येतो. १ शमुवेल १५:२२ मध्ये 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे' असं आपण वाचतो, तिथेही मुळात 'ऐकणे' आहे. ग्रीक 'हुपाकोए'मध्येही 'अकोए' म्हणजे श्रवण दडलेलं आहे.

मराठीला हा दुहेरी अर्थ फुकट मिळतो, पण विभक्तीकडे लक्ष हवं. 'आईचा आवाज ऐकला' म्हणजे कानावर पडला. 'आईचं ऐकलं' म्हणजे तसं केलं. म्हणून पुस्तिकेत 'देवाचं ऐकणे' बिनधास्त वापरा. अनुवाद (जुन्या करारातलं एक पुस्तक) ६:४ मधलं 'श्रवण कर' भारदस्त आहे खरं, पण त्याने समोर कीर्तनाला बसलेला श्रोता उभा राहतो आणि 'तसं वाग' हा अर्थ मागे पडतो.

विरुद्धार्थी शब्दही बघा. रोम ५:१९ मध्ये आदामाच्या आज्ञाभंगासाठी 'पाराकोए' आहे, म्हणजे ऐकण्याला बगल देणे. मराठीत याला 'कानाडोळा' म्हणतात! 'आज्ञाभंग' कायद्याच्या पुस्तकातला वाटतो, 'कानाडोळा' रोजच्या जगण्यातला. मूळ वचनात बदल करू नका, स्पष्टीकरणात वापरा.

मुद्रितशोधक : आता 'प्रेम' की 'प्रीती'. वचनांमध्ये 'प्रीती' ठेवा, कारण १ करिंथ १३ लोकांना त्याच शब्दाने पाठ आहे. चालू गद्यात 'प्रेम' चालेल. योहान २१:१५-१७ मध्ये मात्र हात लावू नका. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात येशू आधी दोनदा 'प्रीती' विचारतो, पेत्र 'प्रेम' म्हणतो आणि तिसऱ्या वेळी येशूही 'प्रेम' म्हणतो. ग्रीकमधला 'अगापाओ' आणि 'फिलेओ' (दोन्ही 'प्रेम करणे' या अर्थाची क्रियापदं) हा फरक तसा दाखवला आहे. तुम्ही सगळीकडे 'प्रेम' केलंत तर तो बुजेल.

इब्रीवाचक : सहमत. पण त्यावरून 'अगापे ('अगापाओ'चं नाम) म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि बाकी सगळी हलकी' असं स्पष्टीकरण लिहू नका. व्यासपीठावरून हे वारंवार ऐकू येतं, पण पुरावा उलटा आहे. योहान ३:१९ मध्ये माणसांना अंधार आवडला, २ तीमथ्य ४:१० मध्ये पौलाला सोडून गेलेल्या देमासला हे जग प्रिय झालं, दोन्हीकडे 'अगापाओ'च आहे. २ शमुवेल १३ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दावीदपुत्र अम्नोनाच्या सावत्र बहीण तामारेवरच्या वासनेलाही हेच क्रियापद लावलं आहे. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये 'अगापाओ'ने सांगितलं आहे, ५:२० मध्ये 'फिलेओ'ने. अर्थ संदर्भ ठरवतो.

अक्षरजुळारी : मग प्रीतीची आज्ञा करता येते, हे कसं समजावू? भावना हुकमाने येत नाही, हा तरुणांचा पहिला प्रश्न असतो.

इब्रीवाचक : प्राचीन पश्चिम आशियात 'प्रीती' हा करारनाम्यातलाही शब्द होता. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या इ.स.पू. ६७२ च्या करारांत मांडलिकांना बजावलं आहे की, त्याचा वारस अश्शूरबनिपाल याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा. तिथे अर्थ निष्ठेचा आहे. अनुवाद ६:५ मधली देवावर प्रीती करण्याची आज्ञा त्या पार्श्वभूमीवर वाचली की, प्रीतीची आज्ञा कशी होऊ शकते ते कळतं. अनुवादात जिव्हाळा नाही असं मात्र यातून काढू नका, 'पूर्ण मनाने' हे शब्द तिथेच आहेत.

त्याहून उपयोगी आहे लेवीय १९. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे १८ वं वचन सगळ्यांना येतं, आजूबाजूची कोणी वाचत नाही. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांची आणि परक्यांची (९-१०). मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका (१३). बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका (१४). तराजू, वजनं, एफा आणि हिन खरे ठेवा (३५-३६). एफा धान्याचं माप, साधारण २२ लिटर. हिन द्रवाचं, साडेतीन लिटरच्या आसपास. प्रीती लिटरमध्ये मोजलेली इथे सापडते. शिवाय ३४ व्या वचनात तीच प्रीती परदेशीयावरही करायला सांगितली आहे, त्यामुळे 'शेजारी म्हणजे आपलाच माणूस' ही पळवाट बंद.

व्याकरणाची एक गंमत : या दोन वचनांत इब्रीमध्ये नेहमीचं कर्म नाही, 'ल' हा प्रत्ययासारखा शब्द आहे, म्हणजे 'शेजाऱ्यासाठी'. काही अभ्यासक याचा अर्थ 'त्याच्या उपयोगी पड' असा लावतात. मराठीत '-वर'च ठेवा. 'देवाला प्रीती करणे' मात्र नको, ते चूक आहे.

तळटीप : 'आज्ञेत राहणे' सगळीकडे चिकटवू नका. इफिस ५:२२-२४ मध्ये पत्नीसाठी 'अधीन असणे' या अर्थाचा शब्द आहे आणि २१ व्या वचनात तो सर्वांनी एकमेकांसाठी आहे. 'आज्ञेत राहणे'चा शब्द ६:१ आणि ६:५ मध्ये मुलं आणि दास यांच्यासाठी येतो. १ पेत्र ३:६ मध्ये अब्राहामाची पत्नी सारा हिच्याबाबत तो आहे, म्हणून भेद अगदी कडेकोट नाही, तरी इफिसच्या धड्यात दोन्ही एक करू नका. आणि प्रेषित ५:२९ चा संदर्भ जोडाच. माणसांपेक्षा देवाचं मानलं पाहिजे, हे पेत्राने धार्मिक पुढाऱ्यांच्याच सभेत सांगितलं होतं. नाहीतर मंडळीचा पुढारी म्हणेल तेच आज्ञापालन, असा अर्थ निघतो.

अक्षरजुळारी : मथळा बदलला : 'प्रीतीत राहणे, आज्ञेत राहणे'. उपमथळा : 'विश्वास कामाला कसा लागतो'. शेवटची शंका, 'प्रीति' की 'प्रीती'?

मुद्रितशोधक : एकटा शब्द दीर्घ, 'प्रीती'. समासात आधी आला की ऱ्हस्व, जसं 'कवी' पण 'कविमन'. म्हणून यहूदा १२ मधलं 'प्रीतिभोजन' ऱ्हस्वच राहील. तुमच्या मसुद्यात पान तीनवर ते दीर्घ छापलंय.